गळतीचा रकाना

हे घडलं दोन हजार सतरा साली. होळी झाली त्या आठवड्यात नोटीस आली आणि दसऱ्याच्या आत सगळं आटोपलं. पण त्याची सुरुवात फार जुनी. ती झाली शहात्तर साली, मुन्नालाल पटल्यांच्या आंगणात. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि पळसटोल्यात सून म्हणून येऊन मला पाच वर्षं झाली होती.

माझ्या नवऱ्याचं नाव सुकराम. मी त्यांना अतुलचे बाबा म्हणायची, इथंही तसंच लिहिते. मुरझडीच्या जलाशयाचं पाणी चौऱ्याहत्तर साली आमच्या गावापर्यंत आलं आणि त्याच वर्षी ते पाटकरी म्हणून नोकरीला लागले. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला तो पहिला सरकारी पगार. मुरझडीच्या मोठ्या कालव्यातून सहा किलोमीटरचा एक लहान पाट फुटतो आणि आमच्या गावात येऊन संपतो. पळसटोला म्हणजे त्या पाटाचं टेल. आमच्यापुढे पाण्याला जायला जागा नाही.

पहिलं पाणी आलं तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. बायका हातातलं काम टाकून पाटाच्या काठानं पाण्याबरोबर चालत होत्या. पाणी माणसाच्या चालीनंच येत होतं. त्याच्या तोंडाशी वाळलेला पाला, काड्या, जीव घेऊन पळणारे मुंगळे. माझी सासू त्याच्यापुढे उलट्या पावलांनी चालत गावापर्यंत आली, पाहुण्याला घरी आणावं तशी.

पाटकऱ्याचं काम दुहेरी. पाळीप्रमाणे पाणी सोडायचं, आणि हंगाम संपला की कोणाची किती जमीन भिजली ते मोजून वहीत लिहायचं. त्या वहीवरून पाणीपट्टी ठरायची. अतुलचे बाबा पावलांनी मोजत, मग साखळीनं ताडून पाहत. त्यांच्या पावलात आणि साखळीत चार बोटांचाही फरक पडत नसे.

शहात्तरच्या दिवाळीनंतर ते मुन्नालाल पटल्यांच्या घरी मोजणी सांगायला गेले. पटले म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पवार जातीचे. माझे सासरे त्याच आंगणाबाहेर, गोठ्याच्या बाजूला उभे राहून मजुरीचं धान घ्यायचे. त्या दिवशी मुन्नालालनं आतून खाट आणवली.

"बस जी पाटकरी," ते म्हणाले. "किती भरली आमची?"

"दहा एकर भिजली."

"भिजली त भिजली. लिवाची किती, ते तुझ्या हातात हाये ना? चार लिव. सरकारचं का जाते?"

मग घरातल्याच कपबशीत चहा आला. घरी येऊन त्यांनी हे सगळं मला सांगितलं तेव्हा खाटेबद्दल दोनदा सांगितलं आणि चार एकरांबद्दल एकदा. मी तेव्हा हसले होते. मलाही आनंदच झाला होता.

एकाचं चार लिहिलं म्हटल्यावर दुसऱ्याचं कसं नाही म्हणणार? पाच-सहा वर्षांत सारं गाव तसंच लिहिलं जाऊ लागलं. त्यासाठी अतुलच्या बाबांनी कोणाकडून पायलीभर धानही घेतलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पाणी वाटताना तर ते देवमाणूस होते. कमी पाण्याच्या वर्षी आधी टेलची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, भिजवायचे, मग वरची. भांडण नाही, मारामारी नाही. पाणी खरं वाटलं, फक्त लिहिलं खोटं. पण मोठ्या कालव्यातून जितकं पाणी सुटलं त्याचा मेळ वहीत बसवावा लागायचा. त्यासाठी वहीत एक रकाना होता, गळतीचा. कच्च्या पाटातून पाणी मुरतं, उंदीर बिळं करतात, खेकडे भोकं पाडतात. न लिहिलेलं सगळं पाणी ते त्या रकान्यात टाकायचे.

दोन हजार आठला ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. तीन पाटांना मिळून देवानंद नावाचा एक चौकीदार ठेवला. तो मागच्या सालचे आकडे उतरवून काढायचा.

मग सतराची नोटीस आली. मुरझडीचं पाणी आता नव्यानं वाटणार, हायवेलगत नवी औद्योगिक वसाहत होणार, तिलाही त्यातलंच पाणी लागणार, एप्रिलात सुनावणी. नोटिशीमागोमाग एक तरुण इंजिनिअर पाट पाहायला आली. दुर्गेश्वरी उईके तिचं नाव, सालेकशाकडची पोरगी. उन्हात सहा किलोमीटर पायी चालत आली आणि पाणी मागायला आमच्याच दारात उभी राहिली. मी तिला सावलीत बसवलं, चहा ठेवला.

"काकी, ती टेलची जमीन कोनाची?" तिनं विचारलं. "धानाचे बुडखे दिसून राहिले तिथं. तीन-चार एकर असन."

"सुशिलाबाईची," मी म्हणाले. "विधवा हाये बिचारी. चिन्नोर लावते. उशिराचं धान, पाटाच्या पान्याबिगर होतच नाही."

दुर्गेश्वरीनं नकाशा उलगडला. "कागदावर तिथं कधी पानी पोचलंच नाही. चाळीस वर्सांत एकदाही नाही."

अतुलचे बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"पानी वाटाचं कशावरून, बेटा?" त्यांनी विचारलं.

"जुन्या नोंदीवरून, काकाजी. मांगं ज्यानं जितकं वापरलं, तितका त्याचा हक. सरासरी काढतेत. तुमच्या पाटाचं त भलतंच हाये. शंभरातलं साठ पानी गळते म्हनून लिवलं हाये. गळक्या पाटात कोन पानी सोडन? वसाहतीवाले म्हनतेत, आमी पाइपातून नेतो, थेंब वाया जात नाही. पैसाही जास्त देतेत."

"आनं पाट गळत नसन त?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हुशार होती. "त कोनीतरी तसा जबाब द्यावा लागन," ती हळू म्हणाली. "ज्यानं लिवलं त्यानं. मी वर पाठवीन."

ती गेल्यावर आमच्यात भांडण झालं. छत्तीस गुण जमलेलं आमचं लग्न नव्हतं, पण एवढं मोठं भांडण आधी कधी झालं नव्हतं.

"पेन्शन जाईल," मी म्हणाले. "चौकशी लावतील. या वयात तुमाले कोर्टात उभं करतील."

"लावू दे."

"गावातल्या एकानं तरी म्हनलं का, जा सांग म्हनून?"

"त्याइले मालूमच नाही अजून, का का जाऊन राहिलं ते."

मग मी बोलू नये ते बोलले. "खाटेवर बसासाठी लिवलं तुमी. लोकाइनं पाटकरीभाऊ म्हनावं म्हनून. आता चांगलं म्हनवून घ्यासाठी खरं सांगाले निघाले."

"हो," ते म्हणाले. "पन पानी त जाते ना, अंजना. मी लिवलं म्हनून जाते."

त्यानंतर मी विरोध केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शाळेची दोनशे पानी वही आणायला लावली. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. चौऱ्याहत्तरपासून दोन हजार आठपर्यंत, प्रत्येक वर्ष, प्रत्येक बांधी, खरी भिजलेली किती. चौदा दिवस आम्ही परसातल्या कडुनिंबाखाली बसून तेच केलं.

"एक्क्याऐंशी. मुन्नालाल पटले. खालची सहा एकर, वरची कोरडी."

"वरचीही भिजली होती," मी म्हणाले. "त्या साली त्याइच्या पोरीचं लगन होतं. वऱ्हाडाले वरच्या बांधीतल्या चिन्नोरचा भात होता. वास रस्त्यापर्यंत येत होता."

"होये. लिव. दहा एकर."

असं कितीतरी. कोणत्या साली कोणाचं पोर झालं, कोणत्या साली कोण मेलं, त्याच्या आधारानं आम्ही पाण्याचा माग काढत गेलो. सत्त्याऐंशीला सुशिलाबाईचा नवरा पाळीच्या आदल्या दिवशी वारला. अतुलच्या बाबांनी स्वतः तिच्या बांधीचं तोंड फोडून पाणी लावलं आणि मग तिरडी उचलायला गेले. माझ्या साऱ्या आयुष्यातले ते चौदा दिवस मला फार चांगले गेले, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. वही भरत आली तेव्हा वाटलं, एवढं सगळं झालेलं असताना कोण म्हणेल की झालं नाही?

सुनावणी शाळेच्या मोठ्या खोलीत ठेवली होती. साहेब बाहेरचे होते, शांत बोलणारे. बाजूला दुर्गेश्वरी फायली घेऊन. समोर सत्तर-ऐंशी शेतकरी. पुढच्या बाकावर मुन्नालालचा मुलगा भैय्यालाल, तो पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष. मी दाराजवळ सुशिलाबाईशेजारी बसले.

आधी भैय्यालाल बोलला. जोरात बोलला. "साहेब, पानी आमच्या बापजाद्याचं हाये. आमाले डावलून वसाहतीले देसान त हायवे जाम करू." टाळ्या झाल्या.

"नोंदी दाखवा," साहेब म्हणाले. "तुमच्याच नोंदींप्रमाणे तुमच्या गावात पाणी जेमतेम दीडशे एकराला लागतं. तेवढ्यासाठी एवढा पाट भरून सोडायचा का?"

तेव्हा अतुलचे बाबा उठले. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. हात जोडून म्हणाले, "साहेब, त्या नोंदी मी केल्या. त्या खोट्या हायेत. खरं या वहीत हाये. पाट गळत नाही. चारशे साठ एकर भिजत होती."

साहेबांनी वही घेतली. पाच-सात पानं लक्ष देऊन वाचली. मला आशा वाटली. मग त्यांनी चष्मा काढला.

"हे खरं असेल तर तुमच्या गावाचा हिस्सा तिप्पट होतो," ते म्हणाले. "पण मग तीस-बत्तीस वर्षांची बुडालेली पाणीपट्टीही निघते. दंडासकट. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांच्याकडून वसूल होईल. शेतकऱ्यांना हे मान्य आहे का? मान्य असेल तर एकेकानं उठून तसं सांगा. मी लिहून घेतो."

मागून कोणीतरी कुजबुजलं, "पाटकरीबुवाले ऊन लागलं वाटते." दोघं-तिघं हसले.

"बोला," साहेब म्हणाले.

भैय्यालाल सावकाश उठला. अतुलच्या बाबांकडे त्यानं पाहिलं नाही. "साहेब, सुकरामभाऊ म्हातारे झाले. सत्तरीच्या घरात आले. चांगला मानूस हाये, पन आता याद राह्यत नाही त्याइले. आमी पानी घेतलंच नाही एवढं. जुन्या नोंदी बराबर हायेत."

"मंग धान कायच्यावर होते रे?" अतुलचे बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "एक्क्याऐंशीत तुझ्या बहिनीच्या लग्नात भात कायचा खाल्ला?"

"वरच्या पान्यावरचा, पावसाच्या," भैय्यालाल म्हणाला.

मग ओळीनं उठले. गावातला एक तरुण शेतकरी ओमेश उठला, त्याच्यामागे त्याचा काका, मग इतर. आमी नाही घेतलं. आमची कोरडवाहू. आमच्या बांधीत पाट येतच नाही. ज्यांच्या बांध्यांची तोंडं अतुलच्या बाबांनी स्वतःच्या हातानं फोडली होती, ते एकामागून एक उठून सांगत होते की आम्ही ते पाणी पाहिलंच नाही. दोन तासांपूर्वी त्याच पाण्यासाठी हायवे जाम करणार होते.

"कोणी एक तरी मान्य करतं का?" साहेबांनी शेवटचं विचारलं.

माझ्या बाजूला सुशिलाबाई उठली. "मी घेतलं जी पानी," ती म्हणाली. "तीस वर्सं घेतलं. काढा वसुली. बकऱ्या विकीन, पन पानी पाह्यजे."

दुर्गेश्वरीनं फाइल पाहिली आणि मान खाली घातली. जमीन अजून सुशिलाबाईच्या मेलेल्या सासऱ्याच्या नावावर होती. सात-बारावर ती कोणीच नव्हती. साहेबांनी तिचं बोलणं लिहून घेतलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मी दुर्गेश्वरीला गाठलं. "खरंच एवढी वसुली केली असती का, बेटा?"

तिचे डोळे भरले होते. "एवढी जुनी वसुली कोनी करत नाही, काकी. ते विचारावं लागते म्हनून विचारतेत. दोन-चार वर्सांची निघाली असती, तीही हप्त्यानं. एकानं जरी विचारलं असतं ना, का साहेब किती होईल, त सांगितलं असतं."

कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

चार दिवसांनी भैय्यालाल दिवेलागणीला आमच्या घरी आला. पिशवीत आंबे घेऊन. "भाऊ, मनावर नोको घेऊ," तो म्हणाला. "तुझी पेन्शन वाचवली आमी. नाही त जेलात गेला असता बुढाप्यात. माह्यावर राग त नाही ना?"

"नाही," अतुलचे बाबा म्हणाले. "चाय पिऊन जा."

तो चहा प्यायला आणि मोकळ्या मनानं गेला. आंबे मी मोहल्ल्यात वाटून टाकले.

निकाल जूनमध्ये आला. पळसटोल्याच्या पाटाला पाणी, जलाशयात शिल्लक राहिल्यास. एवढीच ओळ. लोकांनी ती वाचली आणि रोवणीला लागले. त्यांना वाटलं, कागद काही म्हणो, पाणी काय येणारच, दरवर्षी येतं.

त्या वर्षी पाऊस पोळ्यानंतर गेला तो आलाच नाही. धान निसवायला आलं होतं. चिन्नोर तर अजून पोटरीतच. ज्या पंधरवड्यात एक पाळी मिळाली की दाणा भरतो आणि नाही मिळाली की फक्त फोल उरतं, तोच तो पंधरवडा. सारं गाव मोठ्या कालव्यावर गेलं. अतुलच्या बाबांना भैय्यालालनं मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. "तुझं आयकन देवानंद," तो म्हणत होता. मीही इतर बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले.

मोठा कालवा काठोकाठ वाहत होता. वसाहतीचा उन्हाळ्यात खणलेला साठवण तलाव भरून घेणं चाललं होतं. आमच्या पाटाच्या गेटला नवं कुलूप होतं.

"खोल ना बापा," बायका देवानंदाला म्हणत होत्या. "दोन दिवसासाठी खोल."

"माह्या हातात का हाये?" देवानंद म्हणाला. "तुमच्याच गावानं साहेबापुढं सांगितलं, का आमी पानी घेतच नव्हतो. कागदावर सह्या हायेत तुमच्या. घेतच नव्हते त आता कायले मांगून राहिले?"

भैय्यालालनं कोणालातरी फोन लावला, मग आणखी कोणाला. मग फोन खिशात ठेवला. चार पोरं कुलूप तोडायला निघाली तर अतुलच्या बाबांनीच त्यांना अडवलं. "पोलीस केस होईल, आनं गेट पाच मिनिटांत परत बंद होईल," ते म्हणाले. ते गेटजवळ उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. बघता बघता त्यांनी पाण्याची खोली, वेग सगळं जोखलं असणार, कारण उठताना म्हणाले, "एका पाळीत सारं गाव भिजलं असतं. टेलसकट."

दसऱ्याला लोकांनी उभं धान कापून बैलांपुढे टाकलं. सुशिलाबाईनं तेवढंही केलं नाही. तिनं बांधीत बकऱ्या सोडल्या.

त्यानंतर पाटाला पाणी आलं नाही. काही वर्षं पाऊस चांगला झाला, जलाशय भरला, तेव्हाही आलं नाही. तोवर पाटात झुडपं माजली होती, आणि आता तो खरोखरच गळतो असं तपासणीत निघालं.

अतुलचे बाबा एकोणीस सालच्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्यावर चौकशी झाली नाही. कबुली कोणी खरीच मानली नाही, तर चौकशी कशाची? पेन्शन शेवटपर्यंत मिळाली, त्यातला अर्धा भाग आता मला मिळतो. शेवटच्या वर्षात ते शेताकडे जात नसत. मोहल्ल्यातच बसत, विहाराच्या ओट्यावर.

भैय्यालालनं लागोपाठ चार बोअर मारले. एकाला पाणी लागलं, दोनशे ऐंशी फुटांवर, ते तीन वर्षं पुरलं. मग मुलगा उमेंद्र यानं हायवेकडची जमीन विकून तिथंच टायरचं दुकान टाकलं. भैय्यालाल आता गोंदियाला मुलीकडे असतो. गुडघे गेलेत त्याचे. मागे एका लग्नात भेटला तर म्हणाला, "आमी चुकलो, काकी." ते आता कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

ओमेश सिक्युरिटी गार्ड आहे, त्याच औद्योगिक वसाहतीत. तिथं अजून दोनच शेड उभ्या झाल्या आहेत. साठवण तलाव मात्र दरवर्षी भरतात.

देवानंदाची बदली झाली. त्याच्या जागी कोणी नाही.

दुर्गेश्वरी वर्षभरानं दुसऱ्या जिल्ह्यात गेली. दोन दिवाळ्या तिचा फोन आला. नंतर नंबर लागेना.

सुशिलाबाई सुनेबरोबर रायपूरकडे इमारतीच्या कामावर गेली. जमीन शेवटपर्यंत तिच्या नावावर झाली नाही. दिरांनी ती विकली तेव्हा तिला कळवलंही नाही. एकवीस साली ती तिकडेच वारली. बातमी आठवड्यानं आली.

अतुल नागपूरला आहे. दर रविवारी फोन करतो. गाव सोड म्हणतो, तिथं नळाला पाणी येतं म्हणतो. या उन्हाळ्यानंतर जाईन म्हणते.